जंगलातल्या हरणाच्या शिकारीला लिव्हर-ॲक्शन रायफलच का?

पेनसिल्व्हेनियात नव्याने स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाला त्याच्या सहकाऱ्याने हरणांच्या हंगामासाठी आपल्या डोंगरातल्या कॅम्पवर बोलावले आहे आणि आजोबांची जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाखालची दांडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते ती) वापरायला देऊ केली आहे. त्याचा प्रश्न असा की, बोल्ट-ॲक्शन रायफल (बाजूची दांडी उचलून मागे-पुढे करावी लागते ती) लांबवर अधिक अचूक मारते, तिच्यावर दुर्बीण सहज बसते, आणि तरीही इथल्या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या ही लिव्हरवाली रायफलच का चालत आली. ही केवळ काउबॉयच्या सिनेमांनी लावलेली हौस आहे, की तिच्यामागे काही कारण आहे?

कारण आहे, आणि त्याचा काउबॉयशी संबंध फार थोडा आहे. मी या राज्यात सव्वीस हंगाम शिकार केली असून त्यांतली पंधरा वर्षे एका दुकानात बंदूक-दुरुस्तीचे काम केले आहे. दुरुस्तीला येणारी जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल टेबलावर आडवी ठेवली की अर्धे उत्तर तिच्या अंगावरच वाचता येते. रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या पोलादी भागाच्या, खालच्या दोन्ही कडांवर, म्हणजे चालताना जिथे तळहात आणि बोटे बसतात नेमक्या त्या जागी, काळानिळा मुलामा पार उडून आतले पोलाद चांदीसारखे उघडे पडलेले असते. नळीत दिवा धरून पाहिले तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे मात्र बहुधा नव्यासारखे कडक असतात. सोबतच्या पिशवीत वीस काडतुसांचा एखादा डबा निघतो, त्यात सात-आठ काडतुसे शिल्लक असतात आणि डब्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीची चिठ्ठी असते. म्हणजे ही रायफल मालकाने हजारो तास हातात वागवली आणि सबंध आयुष्यात जेमतेम काही डझन वेळा झाडली. जंगलातल्या हरणाच्या शिकारीचे स्वरूपच असे आहे, आणि बंदुकीची निवडही या पहिल्या आकड्यावरून झाली, दुसऱ्यावरून नव्हे.

जंगल म्हणजे कसले, हे आधी डोळ्यांसमोर आणले पाहिजे. उत्तर पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कमधला ॲडिरॉन्डॅक्सचा डोंगराळ मुलूख, मेन, मिशिगनचा वरचा भाग, विस्कॉन्सिन या पट्ट्यात शिकाऱ्याला मोकळे मैदान क्वचितच मिळते. हेमलॉकच्या दाट सावल्या, खाली माउंटन लॉरेलची कमरेएवढी गुंतागुंत (करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार चामड्याच्या पानांच्या केल्या तर जे होईल ते), मध्येच वादळात पडलेले ओंडके, अशा ठिकाणी तीस पावलांवरचे जनावर दिसते आणि साठ पावलांवरचे दिसत नाही. शंभर यार्डांवर नेम धरण्याची वेळ येणे हीच मोठी गोष्ट. शिकारीच्या जुन्या रीती दोन. एकट्याने दहा पावले चालायचे, पाच मिनिटे थांबायचे, पुन्हा दहा पावले चालायचे, ही एक. आणि आपल्याकडे ज्याला हाका म्हणत त्या पद्धतीने निम्म्या मंडळींनी रान उठवायचे व निम्म्यांनी डोंगराच्या सोंडेवर मोक्याच्या जागा धरून उभे राहायचे, ही दुसरी. दोन्हींमध्ये बंदूक खांद्याला अडकवून चालत नाही, ती सतत हातातच असावी लागते. हरीण दिसते ते पळताना किंवा पळण्याच्या बेतात, आणि आपल्याला मिळतात ते तीन-चार सेकंद.

अशा कामाला लिव्हर-ॲक्शन का जमते, हे बंदूक उचलल्यावर कागदावरच्या वर्णनापेक्षा लवकर कळते. या जातीतली सर्वांत परिचित रायफल म्हणजे विंचेस्टर कंपनीचे १८९४चे मॉडेल, विंचेस्टर ९४. तिची नेहमीची कार्बाइन, म्हणजे आखूड आवृत्ती, वीस इंची नळीची, एकूण सुमारे अडतीस इंच लांब आणि जवळपास तीन किलो वजनाची. तिचा रिसीव्हर चपटा आणि अरुंद असतो, आणि तोल नेमका त्याच्याच खाली येतो, त्यामुळे एका हाताची मूठ तिच्याभोवती पूर्ण मिटते आणि दुसरा हात फांद्या बाजूला सारायला मोकळा राहतो. बोल्ट-ॲक्शनला बाजूने बोल्टची दांडी निघालेली असते, खाली मॅगझिनचे, म्हणजे काडतुसे साठवण्याच्या कप्प्याचे, पोट असते आणि वर दुर्बीण. तीच बंदूक त्याच जागी धरून दिवसभर चालून पाहा, संध्याकाळी मनगट सांगेल. लिव्हर-ॲक्शनला बाहेर अडकणारे काहीच नाही. शिवाय ती डावखुऱ्या माणसाला उजव्याइतकीच सोयीची असते, कारण लिव्हर मध्यावर आणि घोडाही (चाप ओढल्यावर आपटून बार उडवणारा हातोडा) मध्यावर.

हा बाहेर दिसणारा घोडा हाही मोठा मुद्दा आहे. काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, तयार आणि घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट मागे, जिथे चाप ओढूनही बार उडत नाही, अशा स्थितीत माणूस चालत राहतो. बंदूक झाडण्याजोगी आहे की नाही हे अंगठ्याने, न पाहता, जाड हातमोज्यातूनही कळते. हरीण दिसताच बंदूक खांद्याकडे जात असतानाच घोडा मागे ओढला जातो. पहिली गोळी चुकली किंवा दुसरीची गरज पडली तर गाल दस्त्यावरून आणि डोळा माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) न हलवता लिव्हर खाली-वर होते. बोल्टला हात चापापासून काढून वर न्यावा लागतो आणि बहुतेक लोकांचे डोके त्याबरोबर उचलले जाते. सराव केलेला माणूस बोल्टही झपाट्याने चालवतो, हे मी मान्य करतो. पण वर्षाला पाच गोळ्या झाडणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा गिरणी-कामगाराचा तेवढा सराव कुठून असणार?

माझ्या वडिलांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची एकनळी होती. एक बार काढला की पुन्हा दारू, पुन्हा कापडाचा बोळा, पुन्हा गज, आणि तोवर डुक्कर शेजारच्या गावात पोहोचलेले. दुसरी गोळी हातात तयार असण्याची किंमत मला म्हणूनच कोणी समजावून सांगावी लागली नाही.

आता इतिहासाकडे वळतो, कारण ‘काउबॉयची बंदूक’ ही समजूत इथेच मोडते. १८६०ची हेन्री, १८६६ची पितळी अंगाची विंचेस्टर आणि प्रसिद्ध १८७३ची विंचेस्टर या साऱ्या लिव्हर-ॲक्शन होत्या, पण हरणाच्या बंदुका म्हणून त्या बेताच्याच होत्या. त्यांचा सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा होता: दोन दांड्या सरळ रेषेत आल्या की बोल्ट बंद, दुमडल्या की उघडा. हा गुडघा फार जोर सोसत नसे, म्हणून काडतूसही पिस्तुलाच्या जातीचे द्यावे लागे. १८७३च्या मॉडेलचे ०.४४-४० हे काडतूस पुढे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही बसवले गेले, यातच त्याची ताकद कळते. खोगिराला लटकवायला, चोरांना दूर ठेवायला ते ठीक होते, परंतु जंगलातल्या नराला तिरक्या कोनातून एका गोळीत खाली आणायला त्याहून जास्त दम लागतो.

हा दम यूटाहच्या ऑग्डेन गावातल्या जॉन ब्राउनिंग या बंदूक-कारागिराने आणला. विंचेस्टरच्या १८८६च्या मॉडेलमध्ये त्याने गुडघ्याचा सांधा टाकून दिला आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्याने सरकणारे पोलादाचे अडसर बसवले. दाराला आतून अडणा लावला की बाहेरून कितीही ढकला, जोर चौकटीवर जातो, तसाच हा प्रकार. ती रायफल मात्र मोठ्या काडतुसांची आणि त्यामुळे वजनदार होती. १८९४च्या मॉडेलमध्ये तीच कल्पना हलक्या, सडपातळ अंगात आली. लिव्हर खाली ओढली की या रायफलीचा तळच लिव्हरबरोबर खाली झुकतो आणि त्यामुळे आतल्या भागांना लांब काडतूस उचलण्यापुरती जागा होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला बंदूक मोडली की काय असे वाटते. दुरुस्ती करणाऱ्याला ही रचना थोडी त्रासाची आहे, कारण त्या उघड्या तळातून हेमलॉकची बारीक पाने आत जातात आणि दर डिसेंबरात ती चिमट्याने काढत बसावे लागते; पण चपटा आणि अरुंद रिसीव्हर मिळाला तो त्याच युक्तीमुळे.

पहिल्या वर्षी ही रायफल काळ्या दारूच्या जुन्या काडतुसांतच विकली गेली. खरी कलाटणी मिळाली १८९५मध्ये, जेव्हा निकेलमिश्रित पोलादाची नळी घेऊन तिच्यात बिनधुराच्या दारूचे ०.३०-३० काडतूस आले. नावातला पहिला तीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे तीस शतांश. दुसरा तीस म्हणजे दारूचे वजन, तीस ग्रेन (ग्रेन हे दारू आणि गोळी तोलण्याचे जुने बारीक माप). मूळ गोळी १६० ग्रेनची आणि तिचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या जवळ, म्हणजे ०.४४-४०च्या जवळजवळ दीडपट होता. धूर नाही, म्हणून पहिल्या गोळीनंतर समोरचे दिसते. धक्का सौम्य, म्हणून बारा वर्षांचा मुलगाही ती घाबरल्याशिवाय झाडतो. आणि शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, जे साधारण चितळापेक्षा थोडे थोराड असते, ती पुरेपूर पुरते. आजच्या १७० ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर आहे. शंभर यार्डांवर नेम लावून ठेवला तर दोनशे यार्डांवर ती जवळपास आठ इंच खाली जाते, त्यामुळे मोकळ्या माळरानावर ही रायफल अपुरी पडते. जंगलात दोनशे यार्ड दिसतच नाहीत, तेव्हा तिचा हा दोष कोणाच्या लक्षातही येत नाही.

तरीही चांगली बंदूक आली म्हणून परंपरा तयार होत नाही, आणि इथे मला वाटते की बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. १९००च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आतच उरली होती. बाजारासाठी केलेली कत्तल आणि तोडलेली जंगले यांनी पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यातून ती जवळपास नाहीशी केली होती. १९००मध्ये लेसी कायद्याने चोरट्या शिकारीच्या मालाचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार आणि वन्यप्राणी खात्याने, १९०६पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणे आणून सोडली आणि १९०७च्या कायद्याने माद्यांना पूर्ण संरक्षण देऊन शिकार शिंगवाल्या नरांपुरती ठेवली. त्याच काळात लाकूड कंपन्यांनी बोडके करून सोडलेले डोंगर झुडपांनी आणि कोवळ्या झाडांनी भरून येत होते, ज्यांत हरणांना चारा भरपूर आणि शिकाऱ्याला दृष्टी तोकडी. हरणे वाढली, त्यांच्यामागे शिकारी वाढले, आणि हे नवे शिकारी, म्हणजे कोळसा खाणीतले, पोलादाच्या कारखान्यातले, दुग्धशाळेतले लोक, पहिली रायफल घ्यायला गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेले तेव्हा तिथल्या भिंतीवर त्यांच्या खिशाला परवडणारी ०.३०-३० लटकत होती आणि फळीवर तिचीच काडतुसे होती. नवे जंगल, परतलेली हरणे आणि ही रायफल एकाच पिढीत एकत्र आली. तीस वर्षे आधी बंदूक तयार नव्हती. तीस वर्षांनी आली असती तर जागा दुसऱ्या कोणी घेतली असती.

माद्यांना वाचवण्याच्या नियमाचाही या बंदुकीशी संबंध आहे. शिंगे दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, म्हणजे त्या तीन-चार सेकंदांतले दोन जनावराच्या डोक्याकडे पाहण्यात जातात. उरलेल्या वेळात जी बंदूक आपोआप खांद्याला लागते तीच कामाची.

आकडेही हेच सांगतात. दहा लाखावी विंचेस्टर ९४ राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना १९२७मध्ये भेट दिली गेली आणि वीस लाखावी आयझेनहॉवर यांना १९५३मध्ये. २००६मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत एकूण सत्तर लाखांहून अधिक बनल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी आजही बापाकडून मुलाकडे जात आहेत, आणि वारशाने आलेली बंदूक बाजूला ठेवून नवी घेणे इथल्या डोंगरी माणसाला जड जाते.

एका समजुतीचा मात्र समाचार घेतला पाहिजे. जड, बोथट आणि संथ गोळी झुडपे फोडत सरळ जाते, म्हणून या रायफलींना ‘ब्रश गन’ म्हणतात, असे तुम्हाला कॅम्पवर शेगडीजवळ बसलेला प्रत्येक म्हातारा सांगेल. हे खरे नाही. फांदीला लागलेली प्रत्येक गोळी वाकते, कोणती किती वाकेल याचा भरवसा नाही, आणि फांदी हरणापासून जितकी दूर तितकी चूक मोठी. माझी पहिली संधी मी याच समजुतीपायी घालवली. चाळीस पावलांवर लॉरेलच्या मागे उभा आठ टोकांच्या शिंगांचा नर, मध्ये पानांचा पडदा, आणि ‘जाईल गोळी त्यातून’ या विश्वासाने मी चाप ओढला. नंतर पाहिले तर बोटाएवढ्या जाडीची एक फांदी मधोमध कापल्यासारखी तुटून लोंबत होती. तिच्या पलीकडे बर्फावर रक्ताचा थेंब नव्हता, नुसत्या लांब उड्यांच्या खुणा. तेव्हापासून मी फट दिसेपर्यंत थांबतो. गोळी बोथट असते तीही झुडपांसाठी नव्हे. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक ओळीत असतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असले तर झाडतानाच्या धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. अलीकडे मऊ, रबरासारख्या टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांनी हा प्रश्न बराचसा सोडवला.

स्पर्धकांविषयी थोडक्यात लिहितो. मार्लिन या दुसऱ्या कंपनीने १८८९पासूनच रिकामे काडतूस वरून न फेकता बाजूने फेकणारी रचना केली होती, आणि १९४८ची ३३६ ही तिची सर्वांत यशस्वी हरणाची रायफल. वरचा भाग सलग असल्याने तिच्यावर दुर्बीण नीट बसते. विंचेस्टरचे काडतूस सरळ वर उडत असे, आणि तिने तिरका मार्ग काढला तो १९८०च्या दशकात. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजची ९९ ही तर वेगळीच वस्तू होती: घोडा आत लपलेला, काडतुसे गोल फिरणाऱ्या चकरीत, त्यामुळे टोकदार गोळीही चाले. यंत्र म्हणून विचारले तर तिघींत मी सॅव्हेज पहिली ठेवीन. परंतु ती बनवायला महाग होती, आणि शेवटी तेच तिला भोवले.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बोल्ट-ॲक्शनचा हात आणला, दुसऱ्या महायुद्धानंतर दुर्बिणी स्वस्त झाल्या, आणि हळूहळू शिकारीची रीतच बदलली. आज बहुतेक शिकारी झाडाला बांधलेल्या उंच बैठकीवर, आपल्या जुन्या मचाणासारख्या, पहाटेपासून बसून असतात. बंदूक वाहायची नाही आणि नेम धरायला निवांत वेळ आहे म्हटल्यावर दुर्बिणीची बोल्ट-ॲक्शनच सरस ठरते, यात वाद नाही. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफलींना बंदी आहे, त्यामुळे झटपट दुसरी गोळी हवी असणाऱ्यांकडे लिव्हर आणि पंप (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून चालणारी) एवढेच उरतात. याउलट ओहायो आणि दक्षिण मिशिगनच्या सपाट, दाट वस्तीच्या भागांत २०१४पासून काही सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे एकदम निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसांना परवानगी मिळाली, आणि अशा काडतुसांसाठी लिव्हर-ॲक्शनला नव्याने गिऱ्हाईक मिळाले. २०२३मध्ये तर खास त्यासाठी ०.३६० बकहॅमर हे नवे काडतूस निघाले.

तुमच्या सहकाऱ्याच्या कॅम्पवर हाका असेल किंवा चालून शिकार असेल, तर आजोबांची रायफल बिनदिक्कत घ्या. बैठकीवर बसवणार असतील तर दुर्बिणीची एखादी मागून घ्या. घेतल्यावर हंगामाआधी मैदानावर पन्नास यार्डांवर दहा तरी गोळ्या झाडा. घोडा अर्ध्या खाचेवर उतरवण्याचा सराव मात्र रिकाम्या बंदुकीवर करा, कारण थंडीत बधिर झालेला अंगठा घोड्यावरून निसटतो आणि गोळीने भोक पडलेल्या दोन गाड्यांच्या दारांची गोष्ट त्यातूनच निघाली आहे. संध्याकाळी परतताना नळी जमिनीकडे धरून लिव्हर एकेक करून चालवा, बोट चापापासून लांब ठेवा आणि बाहेर पडलेली काडतुसे मोजा. सकाळी सहा भरली असतील आणि बर्फात पाच पडली असतील, तर सहावे मॅगझिनच्या तोंडाशी किंवा आतल्या उचलणाऱ्या पट्टीवर अडकलेले असते. लिव्हर उघडी ठेवून तिथे करंगळी घालून चाचपल्याशिवाय गाडीत बसू नका.